सात उसनी पोरं

एकच पोर एकाच महिन्यात दोन गावांच्या अंगणवाडीत कसं बसेल?

रत्नप्रभा बागलनं चष्मा काढला, पदराला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. ओळ तीच होती. बालक क्रमांक चार हजार एकशे सात, अंगणवाडी खाणवस्ती. आणि लगेच खालच्या ओळीत पुन्हा बालक क्रमांक चार हजार एकशे सात, अंगणवाडी पिंपळखुटे गावठाण.

खरं सांगायचं तर ती यादी तिनं वाचायचीच नव्हती. सहाशे ओळींची यादी कोण वाचतं? वरून यादी येते, खाली ‘मी वरील माहिती पडताळून पाहिली आहे’ असं छापलेलं असतं, पर्यवेक्षिकेनं फोनवर अंगठा टेकवायचा आणि पुढच्या कामाला लागायचं, अशी रीत. पण त्या दिवशी ऐन फाट्यावर स्कूटीची बॅटरी संपली. ती चार्जिंगला लावून रत्नप्रभा टपरीवर बसली, आणि रिकाम्या वेळात माणूस नको ते वाचतो.

तिच्या बीटमध्ये सव्वीस अंगणवाड्या होत्या. शुक्रवारी पाचच्या आत तिनं अंगठा दिला की त्यांतली एक बंद होणार होती. हा दोन हजार सदतीस सालचा हुकूम. पोरंच कमी जन्माला यायला लागली होती, खोल्या ओस पडल्या होत्या. तेव्हा दर वर्षी प्रत्येक बीटमधली सगळ्यांत खालची अंगणवाडी बंद करायची आणि तिथली पोरं शेजारच्या गावात घालायची, असं ठरलं होतं. खालची कोणती, हे ठरवायचं काम थाळीकडे दिलं होतं.

थाळी म्हणजे भिंतीवर अडकवलेली, जेवणाच्या ताटाएवढी पांढरी चकती. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. तिच्यातून रडारच्या बारीक लहरी निघतात, पोरांच्या छातीवर आपटतात आणि माघारी येतात. छाती केसभर हलली तरी माघारी येणारी लहर तेवढी बदलते. त्यावरून खोलीतल्या प्रत्येक पोराचा श्वास आणि काळजाचा ठोका हात न लावता वाचता येतो. मूल एखाद्या गोष्टीत बुडालं की त्याचा श्वास संथ, एकसारखा होतो आणि ठोके त्या श्वासाच्या तालानं चालायला लागतात. मूल भेदरलं, कंटाळलं, भुकेजलं की ताल मोडतो. शंभर मिनिटांतली किती मिनिटं मूल तालात होतं, तो त्याचा रमणांक. सगळ्या पोरांची सरासरी काढली की तो अंगणवाडीचा रमणांक.

रत्नप्रभाला थाळी मनापासून आवडली होती, हेही सांगायला हवं. पूर्वी तपासणीला साहेब यायचे, भिंतीवरची चित्रं बघायचे, वजनाची वही चाळायचे, खिचडी चाखून ‘छान’ म्हणायचे आणि गाडीत बसायचे. पोरांना तिथं बरं वाटतं का, हे कुणी विचारलं नव्हतं. थाळीनं ते विचारलं. म्हणून तर सेविका बिचकल्या तेव्हा रत्नप्रभानंच सव्वीस ठिकाणी जाऊन त्यांना समजावलं होतं, “अगं, कॅमेरा नाही, फोटो नाही, नाव नाही. कुणाचं पोर कोण, थाळीला काय कळतंय?”

हे अर्धं खरं होतं. नाव थाळीला कळत नाही, पण काळीज कळतं. प्रत्येक काळजाची हलण्याची तऱ्हा वेगळी असते, अंगठ्याच्या ठशासारखी. थाळी ती ओळखते आणि तिला एक क्रमांक देऊन टाकते. प्रशिक्षणात हे रत्नप्रभाला सांगितलं होतं. सेविका उगाच घाबरतील म्हणून तिनं ते पुढे सांगितलं नाही, एवढंच.

टपरीवरच्या बाकड्यावर तिनं यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत सरकवली. दोन गावं असलेली सात पोरं निघाली. सातही वर्षभर खाणवस्तीत. सातही फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे ज्यांवरून क्रम लागतो त्या मोजणीच्या नेमक्या सहा दिवसांत, पिंपळखुट्यात. आणि नंतर पुन्हा खाणवस्तीत. यंत्रानं त्यांच्यापुढे ‘स्थलांतरित’ असं लिहून विषय संपवला होता. ऊसतोडीच्या तालुक्यात पोरं इकडून तिकडे जातातच, त्यात यंत्राला काय वावगं वाटणार! पण सोमवारी जायचं आणि शनिवारी माघारी यायचं, असलं स्थलांतर कुणाचे आईबाप करतात?

“उसनी पोरं!” ती एकदम मोठ्यानं म्हणाली.

“काय म्हणालात, बाई?” टपरीवाल्यानं विचारलं.

“काही नाही. आणखी एक चहा दे.”

चहा आला तसा निवून गेला. तिला बसवेना. ती उठली, स्कूटीभोवती एक चक्कर मारून आली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. उसनवारी अंगणवाडीला नवी नाही. तेल संपलं, आण शेजारून. वजनकाटा मोडला, आण शेजारून. आणि तपासणीच्या दिवशी पट भरत नसेल तर पोरंही शेजारून आणायची, दुपारी हातावर लाडू ठेवून माघारी धाडायची. यात कुणाला पाप वाटत नसे. रत्नप्रभा स्वतः सेविका होती तेव्हा तिनंही आणली होती, आणि पिंपळखुट्याच्या सेविकेला ही युक्ती शिकवणारी तीच होती.

पिंपळखुट्याची सेविका म्हणजे कौसल्या बागल. रत्नप्रभाची थोरली जाऊ. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं, रत्नप्रभाही.

आक्कांची अडचण तिला ठाऊक होती. मोजणीच्या आठवड्यात थाळीसमोर किमान वीस पोरं हवीत, नाहीतर अंगणवाडी आपोआप बाद. आक्कांकडे उरली होती तेरा. बाकीची पोरं आईबापांनी फाट्यावरच्या इंग्रजी नर्सरीत घातली होती, कारण तिथं इंग्रजीत बोलणारा यंत्राचा पोपट होता. विसातून तेरा गेले, राहिले सात.

आणि त्या सातांमुळे काय झालं? खाणवस्तीत उरलेल्या एकवीस पोरांची सरासरी आली एकोणतीस. पिंपळखुट्याची तीस. एका अंकानं खाणवस्ती सव्विसावी ठरली. ती सात पोरं आपल्या जागी असती तर खाणवस्तीचा आकडा तेहतीस झाला असता आणि पिंपळखुटं पट नाही म्हणून बाद झालं असतं. म्हणजे रत्नप्रभाच्या अंगठ्यानं बंद व्हायची होती एक, आणि बंद होत होती दुसरीच.

*

खाणवस्तीची अंगणवाडी म्हणजे पत्र्याची एक खोली. समोर खडी क्रशर, सगळ्यावर पांढरी धूळ. सेविका लंका धोत्रे वस्तीतलीच, तिशीतली, तिचा नवरा खाणीत ट्रक भरायचा. पर्यवेक्षिका दारात दिसली तशी ती लगबगीनं सतरंजी झटकायला लागली.

“बस गं, राहू दे ते,” रत्नप्रभा म्हणाली. “मला सांग, मोजणीच्या आठवड्यात तुझी सात पोरं कुठं होती?”

लंकानं लपवलं नाही. लपवायचं असतं हेच तिच्या गावी नव्हतं. “आक्कांकडं. त्यांनी मागितली, मी दिली. रोज सकाळी टमटम यायची न्यायला.”

“दिलीस? का दिलीस?”

“का म्हंजे? मी लागले तवा एक फॉर्म भरता येत नव्हता मला, आक्कांनी शिकवलं. वजनकाटा मोडला तर त्यांचा वापरला सहा महिने.” मग ती जरा थांबून म्हणाली, “आन् बाई, गावानं मागितल्यावर वस्तीनं न्हाई म्हणायचं असतं का?”

रत्नप्रभानं पटाची वही पुढे ओढली.

“नीटनेटकी निवडून न्हेली त्यांनी,” लंका कौतुकानं सांगत होती. “ज्यांचं नाक गळत न्हाई अशी. फ्रॉक दिले, नवे बूट दिले.”

तेवढ्यात क्रशरकडून भोंगा वाजला. सुरुंगाची वेळ. रत्नप्रभा दचकली, पण पोरं आनंदानं किंचाळली. लंकानं हात वर केले, “आला गं बाई आला, डोंगराचा बाप आला!” आणि एका दमात सगळी पोरं जमिनीवर पालथी पडली, एक कान फरशीला लावून. लंकाही त्यांच्यात आडवी झाली. “ऐका हं. आज किती वेळा गुरगुरतोय?”

धडाम. पत्रे थरथरले. मग दुसरा, मग तिसरा. “तीन! तीन!” “चार, मी ऐकलं, चार!” पोरं भांडायला लागली, लंका त्यांच्याशी पोरासारखी भांडायला लागली.

फक्त एक मुलगी भांडत नव्हती. सगळ्यांबरोबर आडवी झाली, सगळ्यांबरोबर उठली आणि भिंतीला टेकून बसली. चार वर्षांची असेल.

“ही रेणू,” लंका हळूच म्हणाली. “हिच्यासारखी बडबडी सगळ्या वस्तीत नव्हती. आता मागंच बसती. अंगाला हात लावून बघितला, ताप न्हाई. काय झालंय कळंना.”

“कधीपासून?”

“झाला की महिना. पिंपळखुट्याहून आल्यापास्नं.”

निघताना लंकानं विचारलं, “बाई, आमचा नंबर कितवा आला हो?”

“अजून यायचाय,” रत्नप्रभा म्हणाली आणि तिनं स्कूटी दामटली; मागून कुणी हाक मारेल याची तिला भीतीच वाटत होती. अडीच किलोमीटरवर पिंपळखुटे. मध्ये ट्रकचा रस्ता. ही खोली बंद झाली तर ही अठ्ठावीस पोरं याच रस्त्यानं रोज तिकडे जाणार होती. कायमची.

*

तालुक्याच्या कार्यालयात प्रकल्प अधिकारी नंदिता चौबळ बसायच्या. वय पस्तीसच्या आत, संख्याशास्त्र शिकलेल्या, बोलायला गोड आणि कामाला वाघ. रत्नप्रभानं त्यांच्यासमोर यादी ठेवली आणि सगळं सांगितलं. नावं सांगितली, आपलं नातंही सांगितलं.

मॅडम रागावतील असं तिला वाटलं होतं. मॅडम खुर्चीतून उठल्याच.

“बागलबाई, तुम्ही काय आणलंय हे तुम्हाला कळतंय का?”

“लबाडी आणलीय, मॅडम.”

“अहो, लबाडी सोडा! बसा. मला सांगा, आपण या दोन अंगणवाड्यांची तुलना कशी करतो? इथल्या पोरांचा आकडा, तिथल्या पोरांचा आकडा. पण पोरं वेगळी, घरं वेगळी. एक पोर दूध पिऊन, नऊ तास झोपून येतं. दुसऱ्याच्या घराशेजारी रात्रभर ट्रक. मग आकडा अंगणवाडीचा की घराचा? हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मला पहिल्या दिवसापासून हीच रुखरुख होती.” त्यांनी सात ओळींवर बोट फिरवलं. “आणि हे बघा. तेच पोर, तेच घर, तोच ट्रक. फक्त अंगणवाडी बदलली. सात जणांची सरासरी खाणवस्तीत पंचेचाळीस, पिंपळखुट्यात अकरा! हे एक पोर बघा, चार हजार एकशे सात. इथं बावन्न, तिथं नऊ. सबंध राज्यात एवढी स्वच्छ तुलना कुणाकडे नसेल.”

रत्नप्रभाला हे टपरीवरच अंधुक कळलं होतं. आता ते शब्दांत ऐकलं. सगळ्यांत खालची ठरलेली लंका खरं तर कितीतरी वर होती, आणि आपल्या आक्का...

“मग खाणवस्ती वाचेल?” तिनं विचारलं.

“दोन्ही वाचवू. या वर्षी कुणीच बंद करायचं नाही, कुणाला नोटीस नाही. मी वर प्रस्ताव पाठवते. जूनमध्ये अदलाबदल सप्ताह घेऊ. सबंध तालुक्यात. प्रत्येक अंगणवाडीनं सात पोरं शेजारी धाडायची, शेजारची सात घ्यायची. मग बघा, कोण किती पाण्यात आहे ते लख्ख कळेल.” त्यांचे डोळे चमकत होते. “तुमची लबाडी आपण ‘प्राथमिक चाचणी’ म्हणून दाखवू. तुमच्या जाऊबाईही सुटल्या, तुम्हीही सुटलात.”

देवच पावला म्हणायचा! रत्नप्रभानं हसायला तोंड उघडलं, आणि तिची नजर त्याच ओळीच्या शेवटच्या रकान्यावर गेली. तो तिनं टपरीवर बघितला नव्हता. चार हजार एकशे सात, पुन्हा खाणवस्ती, मोजणीनंतरचे चार आठवडे: एकवीस.

“मॅडम, आधी बावन्न होतं ना हे? परत आपल्या खोलीत आल्यावर एकवीसच?”

“हं. थोडा परिणाम राहतो. येईल हळूहळू वर.”

“कधी?”

“ते मोजलं की कळेल,” मॅडम अगदी सरळपणे म्हणाल्या.

पंखा गरगरत होता तरी रत्नप्रभाला उकडायला लागलं. सातांत इतकं घसरलेलं पोर एकच, म्हणजे ही रेणूच. भिंतीला टेकून बसलेली पोरगी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. एका आठवड्यानं एकीचं हे झालं. तालुक्यात दोनशे दहा अंगणवाड्या. प्रत्येकीची सात पोरं... तिनं गुणाकार अर्ध्यात सोडून दिला.

“आणि मी रीतसर लेखी तक्रार दिली तर? की पट खोटा होता म्हणून?”

मॅडमचा चेहरा पडला. “तर नियमानं बीटची सगळी मोजणी रद्द. या वर्षी इथं बंद काही होणार नाही, ते खरं. पण सेविकेला घरी जावं लागेल, पिंपळखुट्याला दुसरी येईल. तुमची चौकशी लागेल, कदाचित पद जाईल. आणि बाई, एकदा लबाडी कागदावर आली की हे आकडे बाद. त्यांच्या जोरावर अदलाबदल कुणी मंजूर करणार नाही. एवढं सोनं हातचं घालवाल? आठवड्याभरानं पोरांना काय होतंय?”

रत्नप्रभा उठली. दारापर्यंत जाऊन परत आली आणि आवक-जावकच्या टेबलावरून एक कोरा कागद मागून घेतला. तक्रार अजूनही कागदावरच लागते.

*

पत्र लिहून झालं, पण ते लगेच देणं तिला जमलं नाही. आक्कांना न सांगता द्यायचं? तिला सेविका म्हणून चिकटवली आक्कांनी. पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसली तेव्हा दीड वर्ष तिच्या ताटात गरम भाकरी वाढली ती आक्कांनी. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं केलं होतं. दोघींची चूल वेगळी होती, अंगण एकच.

दिवेलागणीला आक्का अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. रत्नप्रभा समोर बसली, तिनंही मूठभर शेंगा ओढल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. थाळी काळीज ओळखते इथपासून ते पत्र पर्समध्ये आहे इथपर्यंत.

आक्कांचे हात थांबले. मग विचारलं ते भलतंच.

“ती गोरी, दोन शेपट्यांची? रेणू का कोण? तिचा आकडा किती म्हणालीस?”

“नऊ.”

“शंभरात?”

“शंभरात.”

“काहीतरी चुकलंय तुझ्या यंत्राचं. ती तर सगळ्यांत शहाणी पोरगी. सहा दिवसांत एकदा जागची उठली नाही, एक अक्षर बोलली नाही. मी आमच्या पोरांना सांगायची, हिच्याकडं बघून शिका म्हणून.”

“म्हणूनच नऊ, आक्का. ती शहाणी नव्हती. ती घाबरलेली होती.”

झालं! ठिणगी पडली. आक्कांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“एकतीस वर्षं पोरं सांभाळली मी. निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलं. आणि आता भिंतीवरची चकती मला शिकवणार, पोरगं घाबरलंय का शहाणं हाय ते? अन् उसनी पोरं आणायला मला शिकवलं कुणी? तूच ना?”

“मीच.”

“तू आणलीस तेव्हा चाललं. तेव्हा नाही आलं तुला रडू त्या पोरांचं.”

“नाही आलं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, त्यांना काय होतं ते. आता ठाऊक झालंय, मी काय करू?”

“ती अधिकारीण सोडवते म्हणते ना दोघींना? मग तुझ्या पोटात का दुखतंय?”

“कारण ती सात पोरांऐवजी तालुक्यातली सगळी नेणार आहे, आक्का! इकडची तिकडं, तिकडची इकडं. मोजायला. आणि पोरं परत आली की वर कधी येतात, तेही मोजणार आहे.” रत्नप्रभाचा आवाज चिरकला. “उद्या पाचच्या आत मी पत्र देणार. तुम्हाला सांगितल्याशिवाय देववेना, म्हणून आले.”

आक्का उठल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, त्या नेहमी हात मागायच्या. आज मागितला नाही.

“दे. दोन वर्षं राहिली होती माझी, मानानं गेले असते. आता चोर म्हणून जाते. पण मग या दाराची कडी पुन्हा वाजवू नको.”

दार लागलं. रत्नप्रभा शेंगांच्या टरफलांत तशीच बसून राहिली आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.

*

सकाळी ती स्कूटी बाहेर काढते तो आक्का अंगणात उभ्या. लुगडं नीट नेसलेलं, पायांत चपला. चेहरा घट्ट.

“चल. मला बघू दे ती पोरगी. माझ्या डोळ्यांनी बघते, तुझ्या यंत्राच्या नको.”

आक्का स्कूटीवर मागे बसल्या.

खाणवस्तीची खोली लांबूनच गजबजलेली ऐकू येत होती. लंकानं वाघाचा खेळ मांडला होता. आणि नवल म्हणजे वाघ झाली होती रेणू. कमरेला फडकं खोचून, हातात लाटणं घेऊन ती खोलीभर डरकाळ्या फोडत होती, पोरं पळत होती, एकमेकांवर पडत होती. महिन्याभरानं पोरगी भिंत सोडून उठली होती. रत्नप्रभाला वाटलं, चला, मॅडम म्हणाल्या तेच खरं. येतं हळूहळू वर.

आक्का उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

रेणूनं वळून बघितलं. डरकाळी तोंडातच राहिली. हातातलं लाटणं खाली पडलं. होती तिथेच ती मांडी घालून बसली, पाठ ताठ केली, हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. तिला कुणी काही म्हटलं नव्हतं.

मग कोपऱ्यातलं एक पोरगं बसलं. मग खिडकीजवळची मुलगी. एकेक करत सातही जणं बसली. हाताची घडी, तोंडावर बोट. बाकीची पोरं गोंधळून उभी राहिली, खेळ का मोडला त्यांना कळेना.

“बघा आक्का!” लंका आनंदानं म्हणाली. “अजून विसरली न्हाईत तुमची शिस्त!”

आक्का दोन पावलं आत गेल्या, वाकल्या. “ऊठ गं बाळा. खेळ तू. खेळ.”

रेणू उठली नाही. तिनं बोट ओठांवर आणखी घट्ट दाबलं, इतकं की नख पांढरं झालं. डोळे आक्कांच्या चेहऱ्यावर, आपलं काही चुकलं का ते शोधत.

आक्का मागे सरल्या. पाठ न वळवता, भिंतीला धरत धरत बाहेर आल्या आणि पोरांना दिसणार नाही अशा बेतानं पत्र्याच्या आडोशाला एका दगडावर बसल्या. धुळीत, नव्या लुगड्यानिशी. रत्नप्रभा त्यांच्याशेजारी उभी राहिली. आत लंका पुन्हा खेळ सुरू करायला बघत होती, पोरांचा आवाज हळूहळू चढत होता. रेणूचा आवाज त्यात नव्हता. दोघी कान देऊन ऐकत होत्या.

“एकतीस वर्षांत अशी किती बसवली असतील गं मी?” आक्का म्हणाल्या. रत्नप्रभाला उत्तर मागत नव्हत्या.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले. “पत्र कुठाय?”

“पर्समध्ये.”

“माझं नाव पूर्ण लिहिलंयस ना? कौसल्या यशवंत बागल. उगाच कुणा दुसऱ्या कौसल्येवर नको जायला.”

“लिहिलंय.”

“मग जा. पाच कशाला वाजवतेस?”

“तुम्हाला आधी घरी सोडते, आक्का.”

“नको. मी बसते हितं,” आक्का म्हणाल्या. “ती बोलायला लागली की निघते.”